क्लायंटच्या वेबसाइटसाठी स्वस्त आणि वापरायला सोपी सीएमएस कोणती? (महाविद्यालय, होमस्टे, दवाखाना)

घाटमाथा

नमस्कार मंडळी. तीन वेबसाइट करायच्या आहेत. तिन्हींना एकच सीएमएस (कोड न लिहिता साइटचा मजकूर बदलता येणारी प्रणाली) लावावी की वेगवेगळ्या, यावर जाणकारांचं मत हवं आहे.

१) अनुदानित कला-वाणिज्य महाविद्यालय. रोज एक-दोन सूचना, बहुतेक पीडीएफ. टाकणारे दोघं: कार्यालयातले क्लार्क आणि आयक्यूएसीचे (अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे) समन्वयक. मजकूर मराठी-इंग्रजी मिसळ. नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठीची) कागदपत्रं वेगळी, ढीगभर.

२) गुहागरकडचा होमस्टे. चार पानं, फोटो आणि दर. दर वर्षातून दोन-तीनदा बदलतात, बाकी काही नाही.

३) दातांचा दवाखाना. पाच-सहा पानं, अपॉइंटमेंटचा फॉर्म, आणि डॉक्टरांना अधूनमधून लेख लिहायचे आहेत.

दुसऱ्या वर्षापासून होस्टिंग आणि डोमेन धरून पाच हजारांच्या वर कोणीही जाणार नाही. सगळ्यांची अट एकच: बारीकसारीक बदल त्यांचे ते करता आले पाहिजेत. "वर्डप्रेस टाक आणि मोकळा हो" याच्या पुढचं काही सांगा.

सर्व्हरवाला

वर्डप्रेस टाका आणि मोकळे व्हा. :)

गंमत सोडा, पण महाविद्यालयाला खरंच वर्डप्रेसच. कारण तुम्ही उद्या दुसऱ्या कामाला लागलात तर तालुक्याच्या गावातही वर्डप्रेस येणारा माणूस सापडतो. सॉफ्टवेअर फुकट, साधं शेअर्ड होस्टिंग (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट) चालतं. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, नूतनीकरणाचा भाव बघा आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरचा असतो.

दवाखान्यालाही तेच. होमस्टेला मात्र वर्डप्रेस म्हणजे विनाकारण सांभाळायचं ओझं.

मीटरडाउन

होमस्टेला सीएमएसच नको. चार स्थिर पानं एचटीएमएलमध्ये बनवा आणि क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट ठेवा. डेटाबेस नाही, पीएचपी नाही, त्यामुळे अपडेटची कटकट नाही आणि हॅक व्हायला फारसं काही शिल्लकच राहत नाही. वर्षाचा खर्च फक्त डोमेनचा.

दर बदलायचे कसे? गूगल शीट. पायऱ्या अशा:

मालकाच्या जीमेलमध्ये एक शीट करा. तीन रकाने: खोली, हंगाम, दर. फाइल मेनूत शेअर, त्यात 'पब्लिश टू वेब'. तिथे पूर्ण फाइल न निवडता फक्त ते एक पान निवडा आणि प्रकार सीएसव्ही ठेवा. मिळालेला दुवा पानावरच्या दहा-पंधरा ओळींच्या जावास्क्रिप्टने वाचून तक्त्यात भरायचा. मालक मोबाइलवर शीट उघडतो, ३५०० चे ४२०० करतो, पाचेक मिनिटांत साइटवर दिसतं. लगेच दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर तो तीनदा बदलतो आणि मग फोन करतो.

बिघडतं कुठे, तर कोणीतरी हौसेने सेल मर्ज करतं किंवा मध्ये रकाना घालतं. म्हणून पहिली ओळ आणि रकान्यांची रचना 'प्रोटेक्ट रेंज'ने बंद करा. पण मालक हाच शीटचा धनी असेल तर त्याला कुलूप लागत नाही, फार तर इशारा दाखवता येतो. तेव्हा शीटची मालकी दुसऱ्या खात्यात ठेवून त्याला फक्त दराच्या रकान्याची परवानगी दिलेली बरी. शिवाय दर एचटीएमएलमध्येही लिहून ठेवा. कोकणात नेटवर्क गंडलं आणि शीट आली नाही, तर निदान जुने दर आणि फोन नंबर दिसतील.

शेवगा

मीटरडाउन यांची युक्ती झकास, पण मालकाला उद्या गणपतीच्या सुट्टीचं पॅकेज टाकायचं झालं तर? शीटमध्ये फोटो थोडाच जाणार.

मीटरडाउन

@शेवगा, मग पब्लिआय बघा. संगणकावर चालणारं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात लिहायचं, 'सिंक' दाबायचं, स्थिर साइट वर चढते. अडचण अशी की सगळा मजकूर त्या एकाच संगणकावर असतो. तो फॉरमॅट झाला की साइट दिसत राहते, पण बदलता येत नाही. बॅकअप दुसरीकडे नसेल तर सगळं पुन्हा भरा. आणि दोन माणसं दोन संगणकांवरून काम करू शकत नाहीत. होमस्टेच्या एका मालकाला चालेल, महाविद्यालयाला अजिबात नाही. शिवाय ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे त्याला ते वापरताच येणार नाही.

तिरकसरेषा

बाकीचे पर्याय नुसतेच निकालात काढू नका, कारणं तरी लिहू.

ग्राव: पीएचपीवर चालते, डेटाबेस नाही, मजकूर फाइलींत. फुकट. बॅकअप म्हणजे फोल्डर झिप करायचं. दवाखान्याएवढ्या साइटला छान, पण लेखनाची खिडकी मार्कडाउनची (साध्या खुणा टाइप करून मजकूर सजवायची पद्धत). डॉक्टरांनी वर्डमधून चिकटवलेला तक्ता तिथे धड राहत नाही.

किर्बी: तीही फाइलींवर चालते. तिचं संपादनाचं पॅनेल मला या सगळ्यांत सर्वांत स्वच्छ वाटतं, कारण त्यात तुम्ही ठरवाल तेवढीच फील्ड (भरायच्या चौकटी) दिसतात. पण परवाना दर साइटला घ्यावा लागतो, मूळ परवाना ९९ युरोचा. तुमच्या बजेटचा तिथेच निकाल. स्टॅटॅमिकच्या फुकट आवृत्तीत वापरकर्ता एकच, म्हणजे महाविद्यालयातले दोघं एकाच पासवर्डवर. नकोच.

घोस्ट: लेख आणि न्यूजलेटर यांसाठी उत्तम, पण नोड आणि मायएसक्यूएल ८ लागतं, म्हणजे साध्या शेअर्ड होस्टिंगवर नाही. स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) सांभाळावा लागेल. डॉक्टर महिन्याला एक लेख लिहिणार असतील तर एवढी यंत्रणा कशाला?

द्रुपल: परवानग्या, मजकुराचे प्रकार, अनेक भाषा यांत वर्डप्रेसच्या पुढे आहे. विद्यापीठाएवढं काम असेल तर मी तीच घेईन. पण द्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला आणि ७ वरून पुढे जाणं म्हणजे नुसतं अपडेट नव्हे, साइट जवळजवळ नव्याने बांधणं. छोट्या संस्थेला तो खर्च पेलत नाही. जुन्या द्रुपल ७ च्या साइटचं काम हाती आलं तर बॅकड्रॉप बघा, ती ७ मधूनच फुटलेली शाखा आहे आणि साध्या होस्टिंगवर चालते.

जूमला: वाईट नाही, अनेक भाषांची सोय मूळातच आहे. पण ते जाणणारी माणसं कमी होत चालली आहेत. सर्व्हरवाल्यांचा मुद्दा इथे लागू.

उंबरठा

विक्स वगैरे कोणी घेतलं नाही अजून? डॉक्टरांना सोपं पडेल. ओढा, सोडा, झालं.

सर्व्हरवाला

@उंबरठा, वापरायला सोपं आहेच, आणि सर्व्हरची काळजीही त्यांची. पण स्वतःचं डोमेन जोडायला पैसे भरायचा प्लॅन लागतो आणि ते भाडं कायमचं. मुख्य म्हणजे तिथून साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. भाडं थांबवलं की नव्याने बांधा. हे डॉक्टरांना मान्य असेल तर घ्या, पण करार करताना कागदावर लिहून द्या.

फुकटावर विसंबणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून बनणाऱ्या मोफत वेबसाइट मार्च २०२४ मध्ये गूगलने बंद केल्या. कितीतरी लॉज आणि दुकानांचा पत्ता तोच होता. फुकट जागा घ्या, पण डोमेन स्वतःचं ठेवा. मग मागचं घर बदललं तरी पाटी तीच राहते.

घाटमाथा

होमस्टेचा प्रश्न सुटला, शीटची युक्ती वापरतो. आता महाविद्यालयाकडे वळू. प्राचार्यांना भीती एकच, क्लार्कने मुख्य पानच उडवलं तर? आणि क्लार्कना भीती की एवढी बटणं बघून काही सुधरत नाही.

सर्व्हरवाला

दोन्ही भीत्यांचं औषध एकच: क्लार्कला वर्डप्रेस दिसूच द्यायचं नाही, फक्त एक अर्ज दिसला पाहिजे. जरा सविस्तर लिहितो, कारण साइट टिकते की पडते ते इथेच ठरतं.

'सूचना' नावाचा वेगळा कस्टम पोस्ट टाइप, म्हणजे मजकुराचा स्वतंत्र प्रकार, करा. त्यातून मोठा संपादक काढून टाका, फक्त शीर्षक ठेवा. मग अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स या प्लगइनच्या (वर्डप्रेसला जोडायच्या पूरक सॉफ्टवेअरच्या) फुकट आवृत्तीने चार फील्ड जोडा: विभाग (ड्रॉपडाउन: प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, कर्मचारी, निविदा), सूचनेची तारीख, पीडीएफ (फक्त पीडीएफ प्रकार, कमाल ५ एमबी), आणि 'या तारखेनंतर मुख्य पानावरून काढा'. शेवटचं फील्ड फार महत्त्वाचं. ते नसलं की दोन वर्षांपूर्वीची फॉर्म भरण्याची मुदत पहिल्या पानावर 'नवीन' म्हणून लुकलुकत राहते. मुदत संपलेली सूचना पुसायची नाही, फक्त मुख्य पानाच्या यादीतून गळायची. संग्रहात ती राहिलीच पाहिजे.

क्लार्कना 'एडिटर' ही भूमिका देऊ नका, कारण एडिटरला सगळी पानं बदलता येतात. या पोस्ट टाइपला स्वतःच्या वेगळ्या परवानग्या नेमून द्या आणि 'सूचना लिपिक' अशी भूमिका करून तेवढ्याच द्या, सोबत फाइल चढवण्याची. लॉग-इन केल्यावर डाव्या पट्टीत डॅशबोर्ड, सूचना, मीडिया आणि प्रोफाइल एवढंच दिसेल. प्रोफाइलमध्ये भाषा मराठी करून द्या. ती प्रत्येक वापरकर्त्याला वेगळी ठेवता येते, तुमचा डॅशबोर्ड इंग्रजीच राहील.

बाकीची पानं, म्हणजे प्राचार्यांचं मनोगत, इतिहास, विभाग. ती समन्वयक बदलतील. तिथे ब्लॉक संपादकात सगळ्यांत बाहेरचा ग्रुप निवडा, तीन टिंबांच्या मेनूत 'लॉक' घ्या, हलवणं आणि काढणं दोन्ही बंद करा आणि आतल्या ब्लॉकनाही तेच लागू करा. मजकूर बदलतो, मांडणी जागची हलत नाही.

आणि हो, कॉन्फिग फाइलमध्ये डॅशबोर्डातून थीमच्या फाइली बदलण्याची सोय बंद करणारी एक ओळ असते, ती टाकाच.

शेवगा

एवढं कशाला, एलिमेंटॉर (ओढून-सोडून पान बनवायचा पेज बिल्डर) टाकलं की क्लार्कसुद्धा डोळ्यांसमोर बदल करू शकतो की.

तिरकसरेषा

@शेवगा, तोच तर धोका. डोळ्यांसमोर बदल करता येतो म्हणजे डोळ्यांसमोर मोडताही येतो. डेस्कटॉपवर ओढून नीट बसवलेला रकाना मोबाइलवर भलतीकडे जातो आणि ते क्लार्कला कळतही नाही, कारण तो डेस्कटॉपवरच बघतो. पेज बिल्डर बनवणाऱ्याची सोय आहे, रोज वापरणाऱ्याची नव्हे.

दुसरं, बिल्डर काढला की मागे काय उरतं ते बघा. एलिमेंटॉर बंद केलं तर मजकूर उरतो पण मांडणी जाते. डब्ल्यूपी बेकरी बंद केलं तर पानभर चौकटी कंसांतले शॉर्टकोड दिसतात. दवाखान्याच्या सहा पानांत ते निस्तरता येईल, महाविद्यालयाच्या शेकडो पानांत नाही.

अनुस्वार

मराठी मजकूर आहे म्हणून लिहितो. हे आधी केलं नाही तर नंतर फार छळतं.

पहिलं, दुव्याची लांबी. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवतं आणि त्या फील्डची मर्यादा २०० अक्षरांची आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. २०० मध्ये बसतात फक्त २२ चिन्हं. काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. 'प्रवेशप्रक्रिया' या एका शब्दातच १५ चिन्हं आहेत, त्याचे झाले १३५. पुढे 'वेळापत्रक २०२५-२६' लिहिलंत तर पत्ता 'वेळापत्' वर येऊन तुटतो. साल येतच नाही. पुढच्या वर्षी २०२६-२७ ची सूचना टाकली की पत्ता पुन्हा तोच, म्हणून शेवटी २ चिकटतो. आणि असा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्के-टक्के-टक्के अशी चार ओळींची माळ. पालकांना तो व्हायरस वाटतो!

दुसरं, मराठी नावाच्या पीडीएफ. चढतात, उघडतातही. पण साइट झिप करून दुसऱ्या सर्व्हरवर नेली की नावांचा चुराडा होण्याची दाट शक्यता. फाइलींची नावं रोमन लिपीत, जागा न सोडता, असा नियमच करा.

तिसरं, जुना मजकूर. कार्यालयात अजून श्रीलिपी किंवा कृतीदेवमधल्या फाइली निघतात. तो मजकूर युनिकोड नसतो. चिकटवला की रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो, आणि क्लार्क म्हणतात वेबसाइट बिघडली. आधी युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा आणि मग वाचून तपासा. रफार आणि जोडाक्षरं बऱ्याचदा घसरतात.

चौथं, थीमचा टंक. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये मथळ्यांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. देवनागरीत त्यामुळे शिरोरेषा तुटते आणि मथळा दात पडल्यासारखा दिसतो. सीएसएसमध्ये ते अंतर शून्य करा. ओळींमधलं अंतर १.६ ते १.७ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो. टंक मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी. साइटची भाषा मराठी निवडायला विसरू नका. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असली की नोटोसारख्या टंकांत ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे.

मीटरडाउन

+१. २२ चिन्हांचा हिशोब आजवर कोणी एवढा उलगडून सांगितला नव्हता.

शेवगा

मग पर्मालिंक (पानाचा पत्ता) सेटिंगमध्ये 'न्यूमरिक' निवडलं की काम झालं. पत्त्यात फक्त आकडा.

सर्व्हरवाला

@शेवगा, ते सेटिंग फक्त साध्या पोस्टना लागतं. कस्टम पोस्ट टाइपला लागत नाही, 'सूचना'चा पत्ता शीर्षकावरूनच बनत राहील. तिथे जतन करताना पत्ता बदलणारा छोटा कोड लिहावा लागतो. पत्ता म्हणजे रोमन लिपीत 'सूचना', मग डॅश, मग पोस्टचा क्रमांक. आठ-दहा ओळींचं काम आहे. तो थीममध्ये टाकू नका, थीम बदलली की जातो. छोटा वेगळा प्लगइन करा.

हे पहिल्या सूचनेच्या आधी करा. नंतर केलंत तर जुने सगळे दुवे वळवत बसावे लागतील.

उंबरठा

महाविद्यालयाच्या बाजूने बोलतो. नॅकचा विषय घाटमाथा यांनी एका शब्दात उरकलाय, पण निम्मं काम तिथेच आहे. स्वयंमूल्यांकन अहवालात आणि एक्यूएआरमध्ये (वार्षिक गुणवत्ता अहवालात) कागदपत्रांचे दुवे द्यावे लागतात, आणि ते महाविद्यालयाच्या वेबसाइटवरचे असतात. अहवाल एकदा गेला की ते दुवे जिवंत राहिलेच पाहिजेत. पडताळणीत दुवा उघडला नाही की पुरावा नाही असा अर्थ होतो.

वर्डप्रेसमध्ये इथे काय होतं? समन्वयकांना सहीशिक्क्याची सुधारित प्रत टाकायची असते. ते जुनी पीडीएफ मीडियात तशीच ठेवून नवी चढवतात. नाव तेच असेल तर वर्डप्रेस नावापुढे १ जोडतं, आणि महिना बदलला असेल तर फोल्डरही वेगळं. अहवालातल्या दुव्यावर जुनीच, बिनसहीची प्रत उघडत राहते. किंवा जुनी पुसून नवी टाकतात, मग ४०४ (पान सापडत नाही).

सर्व्हरवाला

बरोबर. उपाय: 'एनेबल मीडिया रिप्लेस' प्लगइन. मीडियात जुनी फाइल उघडायची, 'नवीन फाइल चढवा' घ्यायचं आणि 'फक्त फाइल बदला, नाव तेच ठेवा' हा पर्याय. दुवा हलत नाही. त्यानंतर कॅशे (साठवून ठेवलेल्या प्रती) रिकामी करा, नाहीतर जुनीच प्रत दिसत राहते.

आणखी एक. सेटिंग्जमध्ये मीडियाखाली 'महिना-वर्षाप्रमाणे फोल्डर' अशी टिक असते. ती काढायचा मोह होईल, पण नका काढू, एका फोल्डरात हजारो फाइली साचतात. त्याऐवजी फाइलीच्या नावातच निकष क्रमांक आणि साल असू द्या. जसं निकष ३.४.३, २०२४-२५.

तिरकसरेषा

नॅकसाठी गूगल साइट्स हा पर्यायही धरा. महाविद्यालयाकडे गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनची मोफत आवृत्ती असेल तर कागदपत्रं 'शेअर्ड ड्राइव्ह'मध्ये. तिथे फाइलवर उजवी टिचकी मारून 'आवृत्त्या सांभाळा' घेतलं की नवी प्रत त्याच दुव्यावर बसते. पण कोणाच्याही 'माय ड्राइव्ह'मधून दुवे देऊ नका. तो माणूस निवृत्त झाला, खातं पुसलं गेलं, की फाइली गेल्या. आणि परवानगी 'दुवा असलेला कोणीही' अशी आहे ना, ते खासगी खिडकीत उघडून तपासा. स्वतःच्या लॉग-इनमध्ये सगळं उघडतंच.

घाटमाथा

अरे वा, हे सगळं कोटेशनमध्ये धरावं लागणार. आता दवाखाना. फॉर्मची ईमेल येत नाही ही तक्रार हमखास होते, तिचं मूळ काय?

मीटरडाउन

फॉर्म बिघडलेला नसतो, टपाल बिघडलेलं असतं. वर्डप्रेस डीफॉल्टने सर्व्हरच्या साध्या पीएचपी मेलने पाठवतं, त्यावर कोणाची ओळख नसते. त्यात फॉर्म बनवणारे 'फ्रॉम'मध्ये पेशंटचा जीमेल घालतात. म्हणजे तुमचा सर्व्हर जीमेलच्या नावाने पत्र पाठवतोय, ते स्पॅममध्येच जाणार. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम आणखी आवळले आहेत, पाठवणाऱ्या डोमेनला एसपीएफ किंवा डीकेआयएम (पत्र खरंच त्या डोमेनचं आहे हे पटवणाऱ्या डीएनएस नोंदी) हवंच.

करायचं असं: 'फ्रॉम'मध्ये दवाखान्याच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता, पेशंटचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये. एसएमटीपी प्लगइनने खऱ्या मेलबॉक्समधून पाठवा. डीएनएसमध्ये एसपीएफची नोंद एकच असू द्या. दोन झाल्या तर दोन्ही बाद. आणि फॉर्मची प्रत डेटाबेसमध्येही साठवा, म्हणजे मेल हुकला तरी पेशंट हुकत नाही. पण नाव, फोन, तक्रार एवढंच विचारा. फॉर्ममध्ये एक्स-रे मागवत बसू नका, ती माहिती सांभाळायची जबाबदारी मग डॉक्टरांच्या गळ्यात.

खरं सांगायचं तर व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दिलं तर निम्मे पेशंट फॉर्मकडे बघणारही नाहीत.

शेवगा

फोटोंचं काय? डॉक्टर मोबाइलमधून थेट टाकतात, पाच-पाच एमबीचे.

सर्व्हरवाला

२५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो वर्डप्रेस ५.३ पासून आपोआप लहान करतं, पण मूळ फाइलही जपून ठेवतं. शिवाय १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ अशा प्रती. म्हणजे एका फोटोच्या सात-आठ फाइली. स्वस्त होस्टिंगवर जागा भरायच्या आधी फाइलींची संख्या भरते. 'अनलिमिटेड' लिहिलेल्या प्लॅनमध्येही आयनोडची (फाइलींच्या संख्येची) मर्यादा अटींमध्ये असते, ती वाचा. ती भरली की फोटो चढत नाहीत, मेल येत नाहीत, आणि कारण कुठेच स्पष्ट दिसत नाही. थीम वापरत नाही ते आकार बंद करून टाका.

आयफोनचे एचईआयसी फोटो वर्डप्रेस ६.७ पासून आपोआप जेपीईजी होतात, पण सर्व्हरवर इमॅजिक (फोटोंवर प्रक्रिया करणारी पीएचपीची जोड) असेल आणि त्याला तो प्रकार येत असेल तरच. होस्टिंग घेतानाच विचारा.

घाटमाथा

आणि देखभाल? पाच हजारांत होस्टिंग-डोमेन. मग माझं काय?

तिरकसरेषा

देखभाल वेगळी लावा आणि कामं नावानिशी लिहा. "वार्षिक देखभाल" एवढंच लिहिलं की त्यात नवीन लोगोपासून फेसबुक पेजपर्यंत सगळं येतं. अपडेट, बॅकअप, बॅकअपमधून परत आणण्याची वर्षातून एकदा चाचणी, आणि महिन्याला अमुक तास बदल. त्यापलीकडे तासाचा दर.

फुकट सीएमएस म्हणजे फुकट साइट नव्हे, हे पहिल्याच बैठकीत सांगा. दुसऱ्या वर्षी सांगितलं तर भांडण होतं.

सर्व्हरवाला

देखभालीत जे नेमकं बिघडतं ते सांगतो.

बॅकअप ठरलेल्या वेळी होत नाही. वर्डप्रेसचं वेळापत्रक कोणी साइट उघडली की मगच हलतं. रात्री तीनचा बॅकअप, आणि रात्री कोणी आलंच नाही, तर तो सकाळी पहिल्या पाहुण्याबरोबर सुरू होतो. कधी अर्ध्यात मरतो. कॉन्फिगमध्ये ती अंतर्गत सोय बंद करा आणि सीपॅनेलच्या (होस्टिंगच्या नियंत्रण पानाच्या) क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीतून, दर १५ मिनिटांनी वर्डप्रेसच्या वेळापत्रकाची फाइल चालवा. बॅकअप त्याच होस्टिंगवर ठेवू नका, गूगल ड्राइव्हवर पाठवा, क्लायंटच्या.

होस्टिंगवाले पीएचपीची आवृत्ती वाढवतात आणि साइट पांढरी पडते. पीएचपी ८.१ चा आधार डिसेंबर २०२५ अखेर संपला, तेव्हा ही लाट चालूच राहणार. जुन्या थीममध्ये ८.० ने काढून टाकलेली फंक्शन असतात, तिथे घोडं अडतं. वर्डप्रेस ५.२ पासून अशा वेळी प्रशासकाच्या ईमेलवर दुरुस्तीचा दुवा पाठवतं. पण तो ईमेल बहुधा कोणाचा असतो? साइट बनवताना टाकलेला, आज कोणीच न बघणारा. सेटिंग्जमधला तो पत्ता आत्ताच तपासा.

तिसरं, फुकटात मिळालेले 'नल्ड' (परवाना तोडलेले) प्रीमियम प्लगइन. टेलिग्रामवर फिरतात. त्यांत मागचं दार उघडं ठेवलेलं असण्याची शक्यता मोठी. क्लायंटची साइट जपानी भाषेत बुटांच्या जाहिराती दाखवू लागली की आधी हेच शोधा. लक्षण कळायलाही वेळ लागतो, कारण बऱ्याचदा त्या जाहिराती फक्त गूगलच्या बॉटला दिसतात. मालकाला साइट ठणठणीत दिसते आणि शोधात मात्र नावाखाली जपानी मजकूर. गूगलचा सर्च कन्सोल (साइट शोधात कशी दिसते ते सांगणारं साधन) जोडून ठेवला असेल तर लवकर कळतं.

घाटमाथा

शेवटचा प्रश्न. डोमेन मी माझ्या खात्यातून घेऊ का? तिघांनाही तेच सोपं वाटतंय.

उंबरठा

नको. डोमेन क्लायंटच्या नावावर, क्लायंटच्या ईमेलवर. तो ईमेल डोमेनचाच नको, जीमेल असू द्या. डोमेन संपलं की डोमेनवरचा मेलही बंद, मग नूतनीकरणाची सूचना वाचणार कोण? तुमचं खातं 'तांत्रिक संपर्क' म्हणून जोडा.

महाविद्यालयाला डॉट एसी डॉट इन हवं असेल तर ते नेहमीच्या विक्रेत्यांकडे मिळत नाही, अर्नेट इंडियाकडून घ्यावं लागतं आणि संस्थेची कागदपत्रं लागतात. त्यासाठी वेळ धरा. साइट तयार होऊन नुसती थांबून राहील.

मीटरडाउन

आणि आपोआप नूतनीकरणावर विसंबू नका. २०२१ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप होणाऱ्या कपातीला आधी नोंदवलेली संमती लागते. परदेशी विक्रेत्यांकडे ती व्यवस्था नसेल तर पैसे कापलेच जात नाहीत. होमस्टेचं डोमेन सरळ पाच वर्षांचं घेऊन टाका, दहापर्यंत घेता येतं.

घाटमाथा

ठरलं. होमस्टे स्थिर पानं आणि शीट, दवाखाना आणि महाविद्यालय वर्डप्रेस, बिल्डर न वापरता. 'सूचना'चा पत्ता बदलणारा तो कोड कोणी इथे चिकटवेल का?

सर्व्हरवाला

संध्याकाळी टाकतो. तोवर सूचना भरायला सुरुवात करू नका.